चिमणीच्या सांध्यातून गळणारे चिकट थेंब

प्रश्न : त्र्यंबक रस्त्यालगत, अंजनेरीच्या पायथ्याशी आमचे शेतातले लहान घर आहे. आई-वडील थंडीत तेथेच राहतात, म्हणून काचेच्या दाराची, लाकडावर पेटणारी बिडाची शेगडी बसवून घेतली आणि तिची चिमणी छपरातून वर नेली. गेल्या हिवाळ्यात धूर खोलीत परतू लागला, दाराची काच दोन दिवसांत काळी होऊ लागली आणि चिमणीच्या सांध्यातून तपकिरी, चिकट थेंब गळू लागले. सरपण आम्ही नोव्हेंबरात वखारीतून आणतो. रात्री हवेची झडप जवळजवळ मिटून घेतो, म्हणजे सकाळपर्यंत विस्तव टिकतो. शेगडीत दोष असेल का? साफसफाई केव्हा आणि कशी करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष शेगडीत कमी आणि ओल्या सरपणात व रात्री झडप मिटण्याच्या सवयीत अधिक दिसतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात बरेचदा निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते पाणी उडवण्यात आगीची ऊब खर्च होते, धूर अर्धवट जळतो आणि थंड चिमणीत शिरताच तिच्या आतल्या अंगाला डांबरासारखा बसतो. आपल्याकडे गळणारे थेंब ते हेच. रात्रभर आग कोंडून ठेवली की नेमके हेच घडते. हा थर स्वतः पेट घेणारा आहे आणि चिमणीत तो पेटला तर आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून या थेंबांकडे केवळ डाग म्हणून पाहू नये.

सरपणाचे काम उन्हाळ्यातच उरकावे. लाकूड चिरून, जमिनीपासून वर उचललेल्या फळ्यांवर, बाजूंनी वारा खेळेल असे रचावे आणि फक्त वरून झाकावे; चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळले तर ते आतल्या आत घामेजते. बाभळीसारख्या जड लाकडाला वाळायला वर्षभरही लागू शकते, म्हणून यंदा आणलेले सरपण पुढच्या थंडीसाठी, हा क्रम सर्वांत चांगला. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द येतो. वाळलेल्याच्या टोकांना बारीक चिराही पडलेल्या दिसतात. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि औषध मारलेले जुने खांब शेगडीत कधीही घालू नयेत. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या नाशिकला मुबलक असतात, परंतु त्यांवर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून घरातल्या आगीत त्या टाळाव्यात असे माझे मत आहे.

रात्री झोपताना हवा तोडण्यापेक्षा आग विझू द्यावी आणि सकाळी नव्याने पेटवावी. पेटवल्यावर सुरुवातीला झडप पूर्ण उघडी ठेवून बारीक काटक्यांचा चांगला जाळ होऊ द्यावा, म्हणजे चिमणी तापते आणि धूर वर ओढू लागते.

चिमणीची सफाई वर्षातून निदान एकदा, दिवाळीनंतर पहिली आग लावण्यापूर्वी करावी. आपल्यासारखा रोजचा वापर असेल तर संक्रांतीच्या सुमारास पुन्हा एकदा बॅटरी लावून आत पाहावे. थर ३ मिलिमीटर झाला असेल तर थांबू नये. शेगडी पूर्ण गार झाल्यावर, तिच्या तोंडाला ओले पोते लावून, नळीच्या व्यासाइतका ब्रश लांब दांड्यावर चढवून वरून खाली घासावे. नाक-तोंड बांधावे, आणि छपरावर चढणारा माणूस सराईत असावा. वाकलेल्या नळीत काजळी साचून राहते, तेथून ती खाली काढल्याशिवाय काम झाले असे समजू नये. काचेसारखा चकचकीत काळा थर मात्र ब्रशाने निघत नाही. तो दिसला तर आग बंद ठेवून जाणकार कारागिराला बोलवावे.

त्याच वेळी दाराची दोरी, म्हणजे दार घट्ट बसावे म्हणून त्याच्या कडेने लावलेली न जळणारी जाड दोरी, तपासावी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. ती अलगद निघून आली तर तेथून नको ती हवा आत शिरते आहे आणि दोरी बदलायला हवी. बिडाला तडे गेले आहेत का, तेही पाहावे. शेगडीभोवती सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत पडदा, गादी, सरपण असे पेटणारे काही नसावे.

राखेच्या पोटात निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच काढावी आणि बादली घराबाहेर, मोकळ्या जमिनीवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या टोपलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. मृग लागण्यापूर्वी मात्र राखेचा कणही आत राहू देऊ नये, कारण त्र्यंबकच्या पावसात ती ओल धरते आणि बीड गंजते. काच राखेत बुडवलेल्या ओल्या वर्तमानपत्राने पुसली तर स्वच्छ होते.

चिमणीतून घरघर ऐकू आली आणि वर ठिणग्या दिसल्या तर झडपा व दार बंद करावे, घराबाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नये, ते तडकते.

प्रश्न : शेगडी विझल्यावर घमेल्यात निखारे घेऊन ते आई-वडिलांच्या खोलीत रात्रभर ठेवावेत का? पूर्वी गावाकडे असेच करीत असत.
— तेच वाचक

उत्तर : कृपया ठेवू नका. गावाकडच्या कौलारू घरात फटींतून वारा खेळत असे. आजच्या बंद खिडक्यांच्या खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन तो प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट पकडतो, त्यामुळे झोपेत माणसाला काही कळण्याआधीच शुद्ध हरपते. हा वायू ओळखणारे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र मिळते. शेगडी असलेल्या घरात ते झोपण्याच्या खोलीत लावावे. शेगडी पेटलेली असताना खिडकीची एक फट उघडी ठेवावी. घरातल्या दोघांना एकदमच डोकेदुखी, मळमळ किंवा गरगरणे सुरू झाले, तर प्रथम त्यांना मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच दवाखान्यात दाखवावे.