पुरस्काराआधी कात्रणे

आपण विचारले आहे की गोव्यातल्या फोंड्यातील लाडक्या सदरलेखकाच्या निधनानंतर शोकसभा तर पार पडली, आता त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करावा की स्मरणिका काढावी. माझे स्पष्ट मत असे की तूर्त दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी सरांचे लेख गोळा करा. पुस्तके लिहिणारा लेखक ग्रंथालयात सापडतो. सदरलेखक मात्र आठवडाभरात रद्दीत जातो. (पुरस्कारांचे म्हणाल, तर तिसऱ्या वर्षी परीक्षक मिळेनासे होतात.)

कात्रणे बहुधा घरच्यांकडेच असतील. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो उजेडाने पिवळा पडतो, त्यातच तयार होणाऱ्या आम्लाने ठिसूळ होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याला बुरशी व कसर लागायला वेळ लागत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. घडी हलक्या हाताने उलगडून कात्रण सपाट ठेवावे, खिडकीजवळच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, मोबाईलने छायाचित्र घ्यावे आणि फाईलला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव द्यावे. अलीकडचे लेख संगणकावर असतील, पण उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसत असतील, तर ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेले असण्याची शक्यता आहे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्व संगणकांवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणता येतात, म्हणून पुसून टाकू नयेत.

खरी अडचण तारखेची असते. कात्री लेखाभोवती फिरते आणि पानाच्या माथ्यावरची तारीख उडते. सदरलेखक ‘परवा’, ‘गेल्या शुक्रवारी’ असे लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या वाचकाला संदर्भ ठाऊक असतो. फेरीबोटीच्या रांगेत तासभर गेल्याची तक्रार एरवी किरकोळ वाटेल. पण तो लेख मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळल्यानंतरचा आहे हे कळले, की त्या रांगेत उभे राहिलेले सारे पणजी-पर्वरीकर डोळ्यांपुढे येतात. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची पार्श्वभूमी माहीत असल्याशिवाय पुरते उमगणार नाही. म्हणून तारीख नसलेल्या कात्रणांची वेगळी यादी करून पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक चाळावेत, आणि न मिळाल्यास संबंधित वृत्तपत्राकडे विनंती करावी.

पुस्तक काढायचे झाल्यास परवानगी कोणाची, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे. सर वृत्तपत्राचे नोकर नसून बाहेरून लिहीत होते आणि त्यांनी हक्क लेखी दिलेले नव्हते, असे असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क त्यांचेच होते. ते आता वारसांकडे आले असून मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतील. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. एकाच मुलाच्या तोंडी होकारावर छपाई सुरू झाली की पुढे घरात कटुता येते.

निवड करताना सगळेच गोड लेख घेण्याचा मोह होईल. जत्रा, मानकुराद आंबे, बालपणीचे मास्तर हे सारे असावेच. परंतु कोकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे सरांनी काही लिहिले असेल आणि त्यावर वाचकांनी रागाने पत्रे पाठवली असतील, तर तो लेख त्या पत्रांसह छापावा. मराठी-कोकणीच्या वादात त्यांची बाजू आज कोणाला पटो वा न पटो, ती गाळून उरणारे सर त्यांच्या वाचकांना ओळखू येणार नाहीत. घरच्यांशी मात्र पावसाळ्यापूर्वीच बोलावे, कारण कौले शाकारताना आणि माळे आवरताना जुन्या कागदांचे गठ्ठे सर्वांत आधी बाहेर काढले जातात.