‘फॅन थिअरी’ : सिद्धान्त, अटकळ की कयास?

प्रश्न असा आला आहे : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक राजघराण्यांच्या इंग्रजी मालिकेवरच्या एका मराठी लेखात ‘चाहत्यांच्या सिद्धान्तानुसार, दोन्ही प्रसंगांत एकच थीम वाजत असल्यामुळे ही पात्रे नात्यातली आहेत’ असं वाक्य होतं. ‘फॅन थिअरी’ला, म्हणजे कथेत काय दडलंय याबद्दल चाहते जे अंदाज बांधतात त्यांना, ‘चाहत्यांचा सिद्धान्त’ म्हणणं बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं? शिवाय त्या ‘थीम’ला, आणि चाहते पात्रांच्या जोड्या लावत बसतात त्या ‘शिपिंग’ला मराठीत काही शब्द आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : सिद्धान्त नको. ‘थिअरी’ दिसली की ‘सिद्धान्त’ लिहायचं ही विज्ञानाच्या पुस्तकांमुळे लागलेली सवय आहे आणि त्या पुस्तकांत ती चालूनही जाते. पण शब्दाच्या पोटातच ‘सिद्ध’ बसलेला आहे. ज्या मतावर एखादं शास्त्र पाय रोवून उभं असतं, तो सिद्धान्त. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सोळा पदार्थ (विचाराचे विषय) सांगितले आहेत, त्यात सिद्धान्त सहावा आणि तर्क आठवा. म्हणजे जुन्या मंडळींनीसुद्धा या दोघांना एका खणात ठेवलेलं नाही. तर्काला तिथे प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचं साधन, मानत नाहीत, प्रमाणाला हातभार लावणारा म्हणून त्याची नोंद आहे. (त्याच यादीत बाराव्या जागी वितंडा आहे : स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडत राहायचं. 2019 मध्ये या मालिकेचा शेवटचा सीझन लागला तेव्हा चाहत्यांमध्ये जे काही चाललं होतं, त्याला याहून चपखल शब्द मला तरी सापडलेला नाही.)

फॅन थिअरीची गंमत सिद्ध होण्याआधीच असते. एकदा पडद्यावर उलगडा झाला की तिची बातमी होते, मग थिअरी कसली? तेव्हा शब्द अंदाजाच्या घरातलाच हवा, आणि त्या घरात मराठीत गर्दी आहे. अंदाज, अदमास, अटकळ, आडाखा, होरा, ठोकताळा, तर्क, कयास. कोशात हे एकमेकांच्या अर्थाला टेकून उभे असतात, म्हणून कोणताही उचलला तरी चालेल असं वाटतं. चालत नाही. अदमास मापाचा असतो. सैन्य किती असेल, भिंत किती उंच असेल, याचा अदमास घेतात. दोन पात्रांच्या नात्याचा अदमास घेतला असं कोणी म्हणत नाही. होरा पुढे घडणाऱ्या गोष्टीचा. गादीवर शेवटी कोण बसणार, याबद्दल जे वर्षानुवर्षं चाललं तो होरा, आणि बहुतेकांचा तो साफ चुकला. (होरा मूळचा ग्रीक, ज्योतिषाबरोबर इकडे आलेला. जुन्या काळचा ज्योतिषी वराहमिहिर, त्याने मात्र ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढून त्याची घरगुती व्युत्पत्ती नोंदवून ठेवली आहे. लोकव्युत्पत्तीचा शौक आजचा नाही.) आडाखा अनुभवाच्या हिशेबावर बांधतात : हा लेखक लाडक्या पात्रांना बिनदिक्कत मारतो, तेव्हा हेही पात्र जाणार. अटकळीला एवढाही आधार लागत नाही.

उरला कयास, आणि संगीतावरून पात्रांचं नातं ओळखण्याच्या उद्योगाला माझं मत त्यालाच. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ मापणं, एक वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवून पाहणं. इस्लामी धर्मशास्त्रात ‘कियास’ ही रीतसर संज्ञा आहे : ज्या प्रसंगाबद्दल नियम ठाऊक आहे त्याच्याशी नव्या प्रसंगाचं कारण जुळत असेल, तर तोच नियम नव्या प्रसंगालाही लावायचा. मराठीत येईपर्यंत शब्द सैल झाला, ‘असा कयास आहे’ म्हणजे ‘असं वाटतं’ इतकाच अर्थ उरला. पण मुळातली ती शेजारी ठेवून पाहण्याची क्रिया इथे अगदी नेमकी लागू पडते.

उदाहरण पुस्तकांतलं घेतो, कारण मालिकेच्याही आधी हा खेळ तिथे सुरू झाला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1998 मधल्या दुसऱ्या भागात इग्रिट ही भिंतीपलीकडची मुलगी जॉन स्नोला, स्टार्क घराण्यात वाढलेल्या अनौरस समजल्या जाणाऱ्या मुलाला, बेल नावाच्या गायकाची गोष्ट सांगते. बेल हा उत्तरेच्या भिंतीपलीकडचा, म्हणजे विंटरफेल किल्ल्यात राज्य करणाऱ्या स्टार्कांचा वैरी. वेश पालटून तो विंटरफेलमध्ये येतो आणि असं गातो की खूश झालेला स्टार्क ‘काय हवं ते माग’ म्हणतो. बेल बागेतलं सर्वांत सुंदर फूल मागतो. नेमके तेव्हा निळे हिवाळी गुलाब फुललेले असतात, त्यातला एक त्याला मिळतो. सकाळी पाहतात तर गायक गायब, स्टार्कची एकुलती एक मुलगी गायब आणि तिच्या बिछान्यावर तो गुलाब. पुढे कळतं की दोघं विंटरफेलच्याच तळघरातल्या थडग्यांत लपून होती, आणि मुलीला मूलही झालं. तेच मूल स्टार्कांची गादी चालवतं.

आता हिच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. रेगार टार्गेरियन राजपुत्र, पण वीणेसारखं तारवाद्य वाजवून गाणारा. हॅरनहालच्या स्पर्धेत त्याचं गाणं ऐकून स्टार्कांची लियाना रडते. जिंकल्यावर स्वतःच्या बायकोला ओलांडून तो लियानाच्या मांडीवर हिवाळी गुलाबांचा मुकुट ठेवतो, आणि काही काळाने लियाना त्याच्याबरोबर नाहीशी होते. गायक तिकडे, गायक इकडे. स्टार्कांची लेक दोन्हीकडे, निळे गुलाब दोन्हीकडे. पहिल्या गोष्टीत मूल आहे, मग दुसरीतलं कुठे गेलं? आणि ही गोष्ट ऐकणारा कोण, तर आपली आई कोण हे ज्याला ठाऊक नाही असा जॉन. ‘जॉन हा रेगार आणि लियानाचा मुलगा’ हा कयास 1990च्या दशकाच्या अखेरीपासून वाचकांत फिरत होता. मालिकेने आईच्या नावावर शिक्का मारला तो 2016 मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात, आणि बापाच्या नावावर त्याच्या पुढच्या सीझनमध्ये. याला अटकळ म्हणणं हा त्या वाचकांवर अन्याय होईल. त्यांनी मापून पाहिलं होतं.

कयासाचं बिघडलेलं रूपही मराठीत आहे, ‘तर्कट’. त्याचाही नमुना याच गोष्टीत सापडतो. भिंतीपलीकडच्यांचा राजा मॅन्स रेडर वाद्य वाजवतो, गातो, पुढे एकदा गायकाचा वेश घेऊन विंटरफेलमध्ये शिरतो, रेगारही गायचा, म्हणून मॅन्स म्हणजेच न मेलेला रेगार, असं मांडणारे लोक आहेत. दोघांच्या गाण्यापलीकडे इथे जुळतं काय? मॅन्स लहानपणापासून नाइट्स वॉचमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या पहारेकऱ्यांत, वाढला आणि त्याला ओळखणारे जुने सहकारी कथेत हिंडताफिरताना दिसतात. तर्कट म्हणतात ते यालाच. खोटं ठरलं म्हणून नव्हे. न जुळणाऱ्या गोष्टी दिसत असून बाजूला सारल्या, म्हणून.

आता ‘थीम’. इथे आधी दोन वेगळ्या गोष्टी सोडवून घ्यायला हव्यात. कथेतलं गाणं पात्रांनाही ऐकू येतं, पार्श्वसंगीत फक्त आपल्याला. चाहत्यांच्या चर्चेत ही दोन्ही ‘म्युझिक’ या एकाच पोत्यात भरतात आणि मग कयास फसतात.

कथेतल्या गाण्याचा सर्वांत भेदक वापर म्हणजे ‘द रेन्स ऑफ कॅस्टामीर’. स्टार्कांच्या वैरी घराण्याचा प्रमुख टायविन लॅनिस्टर, त्याने रेन घराण्याचा निर्वंश केला त्याचं हे गाणं. त्याला चाल दिली मालिकेचे संगीतकार रामीन जवादी यांनी. दुसऱ्या सीझनमध्ये त्याचा मुलगा टिरियन ते नुसतं शिट्टीवर वाजवतो, पुढे भाडोत्री सैनिक ब्रॉन आणि इतर सैनिक मद्याच्या नादात म्हणतात. प्रेक्षकाच्या कानात चाल बसते ती अशी, सहज. मग जून 2013 मध्ये दाखवलेला तो लग्नाचा प्रसंग. मेजवानी रंगलेली, नवरानवरीला नुकतंच वाजतगाजत नेलेलं. दालनाची दारं बंद होतात आणि वरच्या सज्जातले वादक चाल बदलतात. शब्द नाहीत, फक्त सूर. स्टार्कांचा तरुण राजा रॉब, त्याला काही कळत नाही, तो बायकोशी बोलण्यात गुंग आहे. त्याची आई कॅटलिन, तिचा चेहरा मात्र उतरतो. शेजारी बसलेल्या रूझ बोल्टन या सरदाराची बाही ती वर सारते, तर आत चिलखताच्या कड्या. यजमान फ्रे, पाहुणे स्टार्क, मग लॅनिस्टरांचं गाणं इथे कसं? नातं उघड झालं ते एका चालीतून, आणि तो कयास प्रेक्षकाच्या बरोबरीने एका पात्राने बांधला.

अशा चालीला मी ‘खुणेची धून’ म्हणेन. पाश्चात्त्य संगीतात हिला जर्मन शब्द आहे, लाइटमोटिफ. वाग्नरच्या चार भागांच्या ‘रिंग’मुळे तो गाजला, तरी तो रुळवला इतरांनी, विशेषतः हान्स फॉन वोल्त्सोगेनने 1876 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेने. त्यासाठी ‘पालुपद’ सुचवलेलं मी वाचलं आहे. मला ते पटत नाही. ‘तेच पालुपद’ म्हटलं की कंटाळाच ऐकू येतो. ध्रुवपद शब्दांचं असतं. शीर्षकसंगीत वेगळंच, ते श्रेयनामावलीबरोबर येऊन जातं. ‘खुणेची धून’मध्ये दोन गोष्टी साधतात : ती कोणाची तरी खूण आहे हे कळतं, आणि ऐकणाऱ्याने मनाशी खूणगाठ बांधायची आहे हेही कळतं. लेख जड चालत असेल तर ‘सूचक सुरावट’ लिहा, हरकत नाही.

पण प्रत्येक सूचक संगीत म्हणजे खुणेची धून नव्हे. सहाव्या सीझनच्या त्याच शेवटच्या भागात राणी सर्सी लॅनिस्टरच्या खटल्याची तयारी चालू असताना पियानो सुरू होतो. तोवर या मालिकेच्या संगीतात पियानो वापरलेलाच नव्हता. कोणाची धून ओळखीची वाटावी असं तिथे काहीच नाही, उलट अनोळखी वाद्य आल्यामुळेच कान टवकारले जातात. याला कयास म्हणता येणार नाही, शेजारी ठेवायला दुसरी वस्तूच नाही. इथे मराठी माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, बस. थोड्याच वेळात देऊळ उडतं.

लेखातल्या ‘नात्यातली’बद्दलही दोन शब्द. ‘नातं’ म्हणजे पूर्वी बहुधा गणगोत. हल्ली ‘रिलेशनशिप’चं ओझंही त्याच शब्दावर टाकलं आहे, त्यामुळे ‘दोघांमध्ये नातं आहे’ हे वाक्य दुहेरी झालं आहे. जॉन आणि रेगारची बहीण डेनेरिस यांच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच रात्री खरे ठरले. सातव्या सीझनच्या शेवटी (ऑगस्ट 2017) इकडे ती दोघं जहाजावर एकत्र येतात, तिकडे जॉनबरोबर वाढलेला ब्रॅन आणि जॉनचा मित्र सॅम जॉनचा बाप कोण ते उलगडतात, आणि खालून जवादींचं संगीत दोन्ही दृश्यांना एकत्र बांधत जातं. प्रेमाची सुरावट ऐकावी की रक्ताची? इंग्रजीत ती त्याची ‘आंट’, म्हणजे काहीही. मराठीत आत्या म्हणायचं की मावशी, हे ठरवताच बाप रेगार की आई लियाना यांच्यापैकी कोणत्या बाजूने सोयरीक आली ते फुटतं. या मालिकेची मराठी उपशीर्षकं करणाऱ्याला तो भाग येण्याआधी हा शब्द वापरायची चोरीच. तुमच्या वाक्यात गणगोत अभिप्रेत असेल तर ‘एकाच रक्ताची’ लिहा. म्हणजे ‘दोन्ही प्रसंगांत खुणेची धून एकच आहे, त्यावरून ही पात्रं एकाच रक्ताची असावीत असा चाहत्यांचा कयास आहे.’ ‘असावीत’ महत्त्वाचं. मूळ वाक्यात ‘आहेत’ होतं, आणि ‘सिद्धान्त’ आला की ‘आहेत’ मागोमाग येतोच.

‘शिपिंग’ला नामाच्या मागे लागू नका, क्रियापदाने काम होतं : जोडी लावणे, सूत जुळवणे. जुळणे आणि जुळवणे यांतला फरक मात्र पाळा. सूर जुळतात ते आपोआप, जुळवणारा बाहेरचा असतो. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात, लढाईच्या आदल्या रात्री, पॉड्रिक जेनीचं गाणं म्हणतो आणि त्या गाण्यावर कॅमेरा जोड्याजोड्यांवरून फिरतो. ग्रे वर्म आणि मिसँडे यांचे सूर केव्हाच जुळलेले होते. समोरासमोर बसून जेवणाऱ्या सान्सा आणि थिऑनचं सूत मात्र त्या रात्रीपासून चाहत्यांनी जुळवलं. गाणं ज्या जेनीचं, तिच्यासाठी एका टार्गेरियन राजपुत्राने गादी सोडली होती. म्हणून जॉनही प्रेमापायी गादी सोडणार, असा कयास दुसऱ्या दिवशीच निघाला. गादी त्याला मिळाली नाही हे खरं, पण प्रेमापायी नव्हे. डेनेरिसला त्यानेच मारलं.

लिंगाबद्दल विचारलेलं नाही, तरी लिहिताना अडेल म्हणून : कयास, आडाखा, होरा पुल्लिंगी, अटकळ स्त्रीलिंगी, अनेकवचन अटकळी, तर्कट नपुंसक. आणि ‘फॅन थिअरी’ तशीच ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, ती स्त्रीलिंगी म्हणून रुळलीच आहे. फक्त तिची ‘थिअरीज’ करू नका, ‘थिअऱ्या’ करा.