बियाणं कुणाचं?

"मॅडम, आधी जीव वाचू द्या. लेकराबाळांचं मग बघता येईल."

छत्रपती संभाजीनगरात कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम करायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ते मला ऐकू येतं. म्हणणारी आई असते, चुलते असतात, कधी मेव्हणे. ज्याला केमो घ्यायचीय तो भिंतीकडे बघत बसलेला असतो.

अंबडकडचं एक कुटुंब आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा 22 वर्षांचा, मानेत गाठी, निदान हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. ऐन तारुण्यात गाठणारा आजार, पण उपचार पूर्ण केले तर बहुतेक पोरं बरी होतात. तो बुधवार होता, केमो सोमवारी. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल बोलायला डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे धाडलं होतं.

वडिलांना धास्ती एकच, उपचार लांबतील. लांबत नाहीत, मी म्हटलं. गुरुवारी एक नमुना, शनिवारी दुसरा, झालं काम. केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. त्यात शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. काहींच्यात त्या काही वर्षांत सावरतात, काहींच्यात नाही, आणि कोण कुठल्या गटात हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून पहिल्या सलाईनच्या आधी नमुना घ्यायचा आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचा.

वडील मोसंबीवाले. 2012 च्या दुष्काळात टँकर विकत घेऊन त्यांनी बाग जगवलेली. मी विचारलं, "दादा, दुष्काळ पडला म्हणून बियाणं दळायला काढतात का?" त्यांचा चेहरा उजळला. आई "खरंय बाई" म्हणाली, चुलत्यांनी मान हलवली. दृष्टांत चांगला जमला म्हणून मीही खूश.

पोरगा म्हणाला, "मला न्हाई करायचं."

"लाजायलंय," चुलते हसले. मलाही तसंच वाटलं. मग मी वेगळी खोली, बंद दार, कुणी विचारत नाही, असं सगळं समजावत बसले. तो ढिम्म.

उत्तर समजावण्यातून नाही, ऐकण्यातून निघतं, हे मी नव्या समुपदेशकांना शिकवते. त्या दिवशी स्वतःच विसरले होते. शेवटी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि गप्प बसले. पाच मिनिटं तरी गेली असतील.

"मॅडम, मी मेलो तर?"

मी थांबले.

"मी मेलो तर मपली माय त्या डबीसाठी रडत बसंल. कुणाची तरी पोरगी बघतील. दादा म्हणतील, बी हाय अजून घरात."

तेव्हा कळलं, माझा दृष्टांत कुठं जाऊन लागला होता. बियाणं घराचं असतं. मी बोलता बोलता त्याचं शरीर घराच्या मालकीचं करून टाकलं होतं. त्याला लाज वाटत नव्हती. आपल्या माघारी आपल्या नावानं काय होईल, याची भीती होती.

मी संमतीपत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यात एक प्रश्न असतो: रुग्णाचा मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करायचं? त्यानं तो दोनदा वाचला. "नष्ट करावा" यावर खूण केली, पेन खाली ठेवलं आणि मोठा श्वास सोडला. "हे घरी सांगावं लागतं?" "कागद तुझा आहे." गुरुवारी तो एकटाच आला.

त्यानंतर मी नियम केलाय: रुग्णाशी आधी एकट्यानं बोलायचं, कुटुंबाला मग बोलवायचं. घरच्यांनाही माझं सांगणं हेच असतं की तुमच्या लेकराच्या वतीनं उत्तर देऊ नका. नमुना ठेवला म्हणजे मूल हवंच असं ठरत नाही, फक्त दार उघडं राहतं. आणि "मर्दानगी जाईल का" असं कुणी दबक्या आवाजात विचारतं, त्यांना सांगते, शुक्राणू कमी होणं आणि संबंध ठेवता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारामुळे आधीच शुक्राणू कमी असले तरी हिरमुसू नका. इक्सी पद्धतीत, म्हणजे शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात तेव्हा, एका बीजासाठी एकच शुक्राणू लागतो.

मुलींचं मात्र अवघड, खोटं कशाला बोलू. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं लागतात, खर्चही बराच जास्त. स्तनाच्या कॅन्सरमध्ये या इंजेक्शनांनी हार्मोन वाढण्याची भीती असते, म्हणून सोबत ते आटोक्यात ठेवणारं लेट्रोझोल हे औषध देतात. लग्न न झालेल्या मुलीची आई योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीचं नाव काढताच दचकते. तपासणी पोटावरूनही होते, हे आधीच विचारून घ्या. आणि सोयरीक मोडेल म्हणून गोष्ट लपवणाऱ्या घरांत पोरीला कुणीच काही विचारत नाही, ह्याचा मला अजून राग येतो.

पहिल्या केमोआधी डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्ही काढा.

तो पोरगा बरा झाला. दोन वर्षांनी तपासणी केली तर शुक्राणूंची संख्या ठीक निघाली. रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला.

"मग ते ठेवलेलं काढून टाकायचं का, मॅडम?"

"तुला काय वाटतं?"

त्यानं खिशातून यंदाच्या फीची पावती काढली. भरलेली होती.

"राहू द्या एवढं वरीस," तो म्हणाला.