इंग्लंडच्या कालव्यावरून राहती नॅरोबोट चोरीला जाते का? गेली तर सापडते का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी बर्मिंगहॅमला आहे, भाडं परवडत नाही म्हणून एक जुनी नॅरोबोट (कालव्यांवर चालणारी लांब, अरुंद पोलादी बोट) घेऊन तिच्यावरच राहायचा विचार आहे, आणि घरच्यांनी एकच प्रश्न लावून धरलाय: सकाळी कामावर गेलास आणि संध्याकाळी बोटच जागेवर नसली तर काय करशील?

बोट चोरीला जाते. रोज नाही, पण जाते. मी बरीच वर्षं मिडलंड्सच्या, म्हणजे बर्मिंगहॅमभोवतीच्या मध्य इंग्लंडच्या, कालव्यांवर बोटीत राहतो आणि आमच्या रांगेतली एक बोट अशी गेलेली मी जवळून पाहिली आहे. त्यामुळे तुमच्या घरच्यांची भीती मला वेडगळ वाटत नाही. पण ती भीती चुकीच्या जागी आहे असं मात्र मला ठामपणे वाटतं. दाराचं कुलूप किती मजबूत, यावर फार थोडं अवलंबून असतं. बोट गेल्याचं किती लवकर कळतं आणि ती तुमचीच आहे हे कागदावर किती पक्कं दाखवता येतं, यावर बाकी सगळं ठरतं.

आधी बोटीचा वेग पाहू. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं. वाटेतला बहुतेक प्रत्येक लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद, हाताने चालवायचा: विंडलास (फिरवायचा लोखंडी दांडा) लावून झडपा उचला, पाणी भरू द्या किंवा उतरू द्या, दार ढकला, बोट आत घ्या, पुन्हा तेच. बोटवाले प्रवासाचा हिशेब मैल आणि लॉक यांची बेरीज करून मांडतात आणि तासाला साधारण तीन धरतात. म्हणजे कोणी दहा तास न थांबता बोट हाकली, तरी मैल आणि लॉक मिळून तीसच्या आसपास. गाडी चोरणारा तेवढ्या वेळात स्कॉटलंडात पोचतो.

बर्मिंगहॅमच्या बाबतीत तर हे फारच उपयोगी पडतं. शहराचे कालवे उंचावर आहेत आणि तिथून खाली कुठेही जायचं तर लॉकची उतरंड ओलांडावी लागते. उत्तर-पश्चिमेला वुल्वरहॅम्प्टनचे २१ लॉक. नैर्ऋत्येला टार्डेबिगचे ३०, ब्रिटनमधली ती सगळ्यांत लांब ओळ. आग्नेयेला वॉरिकच्या बाजूला नोलचे ५ आणि पुढे हॅटनचे २१. शहराच्या मध्यातून खाली उतरायचं तर फार्मर्स ब्रिजचे १३ आणि लगेच ॲस्टनचे ११. या उतरंडींवर दिवसा कोणी ना कोणी असतंच: कुत्री फिरवणारे, सायकलवाले, कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टचे स्वयंसेवक, समोरून येणाऱ्या बोटी. रात्री हे काम करायचं म्हणजे निसरड्या कडेवर टॉर्च घेऊन तासन्‌तास राबणं.

बोटीच्या मापाचाही फायदा होतो. नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते, कारण अठराव्या शतकात कालवे बांधणारा अभियंता जेम्स ब्रिंडली याच्या काळात मिडलंड्सचे लॉक जेमतेम सात फुटांचे बांधले गेले. रुंदीमुळे ती जवळपास सगळीकडे जाते, पण लांबी आडवी येते. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या बऱ्याच भागात सुमारे ६२ फुटांपर्यंतचीच बोट मावते, त्यामुळे ७० फुटी बोट तिकडून पलीकडे जाऊच शकत नाही. थेम्सच्या भरती-ओहोटी न पोचणाऱ्या पट्ट्यात लॉकवर कर्मचारी असतात आणि तिथली नोंदणीही वेगळी. स्टँडेजच्या कालवा-बोगद्यातून जायला आधी वेळ ठरवावी लागते. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी कालवे बंद असतात. म्हणून बोट गेल्याचं त्याच दिवशी कळलं, तर नकाशा समोर घेऊन ती कुठवर गेली असेल हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. पाण्यातून उचलून ट्रकवर घालायची तर पंधरा-वीस टनांचं पोलाद आहे. त्याला क्रेन लागते, क्रेनवाला लागतो आणि तो प्रश्न विचारतो.

मग बोटी नाहीशा होतात कशा? बहुतेक वेळा गेल्याचं उशिरा कळतं म्हणून. चोर माणूस राहत असलेली बोट सहसा निवडत नाही. तो पाहतो की छपरावर पाचोळा साचलाय, दोर हिरवे पडलेत, खिडकीचा पडदा महिनाभर हललेला नाही. मालक इस्पितळात असतो, नाहीतर परदेशात, नाहीतर वारलेला आणि वारसांचं अजून ठरत नसतं. इंजिन डिझेलचं असतं. एकदा सुरू झालं की इंधन तोडेपर्यंत चालतं, आणि जुन्या बोटींच्या स्टार्टरच्या चाव्या तर इतक्या साध्या साच्याच्या असतात की एकीची दुसरीला लागते. बर्मिंगहॅमभोवती शंभर मैलांचं कालव्यांचं जाळं आहे, त्यातले कित्येक फाटे ओसाड आहेत. तिथे आठवडाभर बोट उभी करून बाजूंवरचा क्रमांक खरवडला, नावावर रंग फासला आणि ब्रासचे दिवे काढून टाकले, की लांबून ती दुसरीच बोट दिसते.

आमच्या रांगेतल्या आजोबांच्या बोटीचं हेच झालं. ते गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे गेले होते. बोट जागेवर नाही हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं की मुलाने पाणी भरायला किंवा दुरुस्तीला नेली असेल. आजोबांना फोन जाईपर्यंत दोन आठवडे उलटले होते. त्यांची अवस्था मी विसरू शकत नाही. दिवंगत पत्नीने स्वतः रंगवलेली गुलाबांची दारं त्या बोटीत होती आणि पैशांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, दारांबद्दल विचारत राहिले. शेवटी बोट सापडली ती एका भाड्याच्या बोटीवरच्या कुटुंबामुळे. त्यांनी पुलाच्या पाटीवर लावलेलं छायाचित्र पाहिलं होतं. करड्या अस्तर-रंगाची एक बोट वाटेत दिसली तेव्हा त्यांनी रंगाकडे लक्ष दिलं नाही, खिडक्यांची रचना ओळखली: एका बाजूला तीन गोल आणि एक चौकोनी, मधल्या गोल खिडकीखाली पोचा. दारं शाबूत होती.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी. बोट घेतलीत की पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंची, पुढची, मागची, छपराची, इंजिनाची छायाचित्रं काढा. रंग बदलता येतो, खिडक्यांची जागा आणि पत्र्यावरची डागडुजी सहज बदलत नाही. १९९८च्या उन्हाळ्यापासून बाजारात आलेल्या बोटींवर अक्षरं-आकडे मिळून १४ चिन्हांचा ओळख-क्रमांक कोरलेला असतो, एक उघड आणि एक लपवलेल्या जागी. लपवलेला कुठे आहे ते शोधून ठेवा आणि जाहीर लिहू नका. त्याहून जुनी बोट असेल तर सर्व्हेअरचा, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल जपा. त्यात बुडाच्या पत्र्याची जाडी जागोजागी मोजून लिहिलेली असते आणि तशीच आकड्यांची मालिका दुसऱ्या बोटीत सापडणं कठीण. हे सगळं बोटीत ठेवू नका. पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं यांच्या प्रतीही बाहेर हव्यात. घर गेलं आणि घरासोबत ओळखही गेली, अशी वेळ परदेशात कोणावरही येऊ नये.

आता कागदाचं. इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण भारतातून आलेला माणूस गाडीच्या आरसी बुकासारखं काहीतरी असेल असं धरून चालतो. तसं काही नाही. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट, म्हणजे २०१२पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैलांचे जलमार्ग सांभाळणारी संस्था, बोटीला परवाना आणि क्रमांक देते. पण परवाना म्हणजे मालकी नव्हे. दर चार वर्षांनी करायच्या सुरक्षा-तपासणीचं प्रमाणपत्र म्हणजेही मालकी नव्हे. जहाजांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या पहिल्या भागात नोंद केली तर मालकी नोंदली जाते, पण बहुतेक नॅरोबोटी तिथे नसतात. त्यामुळे तुमची मालकी म्हणजे विक्रीपत्र, बँकेतून गेलेले पैसे आणि आधीच्या मालकांची सलग साखळी. ही साखळी तुटकी असेल तर पोलीसही हात आखडता घेतात. समोरचा म्हणतो, मी रोख पैसे देऊन घेतली, आणि प्रकरण दिवाणी वादात ढकललं जातं.

कायदा तसा बोटवाल्याच्या बाजूचा आहे. १९६८च्या चोरीविरोधी कायद्यात परवानगीशिवाय वाहन नेण्याचा गुन्हा आहे आणि त्यात पाण्यावरची वाहनंही येतात. त्याच कायद्यात राहती बोट घरफोडीच्या दृष्टीने इमारतीसारखीच धरली आहे, राहणारा त्या वेळी आत नसला तरी. पोलिसांना फोन करताना ‘माझी होडी गेली’ असं म्हणू नका, ‘मी राहतो ते घर गेलं’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. ऐकणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवलंय.

बोट खरंच जागेवर नसली तर आधी दोन्ही दिशांना काठाने चालत जा. दोर कापून किंवा सोडून बोट प्रवाहाला लावायचा टवाळ पोरांचा उद्योग इथे जुना आहे आणि अशी बोट बहुधा पुढच्या वळणावर आडवी झालेली सापडते. पाण्यातही बघा, बुडालेली असू शकते. मग ट्रस्टला विचारा. परवाना नसलेल्या किंवा टाकून दिलेल्या बोटी १९८३च्या कायद्यातल्या आठव्या कलमाखाली त्यांना हलवता येतात. तुमचे कागद चोख असतील तर हे होणार नाही, पण आधीच्या मालकाची थकबाकी किंवा कर्ज असेल तर आणखी कोणी बोट उचललेली असू शकते. यातलं काही नसेल तर ताबडतोब तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि त्याच संध्याकाळी आजूबाजूच्या मरीना (पैसे देऊन बोट ठेवायचे धक्के), बोटयार्ड, भाड्याच्या बोटींचे तळ, डिझेल-कोळसा विकत फिरणाऱ्या बोटी, सगळ्यांना छायाचित्र पाठवा. कोळसा-बोटीवाल्यांना कमी लेखू नका. त्यांना प्रत्येक वळणावरची प्रत्येक बोट ठाऊक असते. ट्रस्टचे लोकही काठाने फिरून बोटींचे क्रमांक टिपत असतात. आणि बोट दिसलीच तर एकट्याने चढू नका. आत चोर असेल, किंवा फसून ती विकत घेतलेला एखादा निष्पाप माणूस मुलाबाळांसह राहत असेल.

तो निष्पाप माणूस तुम्हीही असू शकता. चोराकडून घेतलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी लागत नाही, हे १९७९च्या वस्तुविक्री कायद्याचं सरळ तत्त्व आहे. पैसे गेले आणि बोटही गेली, अशी गत होते. म्हणून विकणारा बोटीच्या आत भेटायला तयार नसेल, सर्व्हेसाठी पाण्याबाहेर काढायला टाळाटाळ करत असेल, आज रोख दिलेत तर दोन हजार कमी असं म्हणत असेल, तर उठून या. बोटीवरचा क्रमांक परवान्याशी आणि सुरक्षा-प्रमाणपत्राशी जुळतो का ते स्वतः तपासा. शेजारच्या बोटीचं दार ठोठावून विचारा, ही कोणाची? बोटीवर राहणारी माणसं याचा राग मानत नाहीत.

यंत्रं-उपकरणांबद्दल थोडक्यात. बॅटरी तोडणारा छुपा स्विच बसवा. उतरताना सुकाणूचा दांडा काढून आत ठेवा, निदान हौशी चोराला तो अडवतो. ट्रॅकर घेणार असाल तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि तो खिडकीजवळ लपवा, कारण पोलादी सांगाड्याच्या तळाशी संदेश पोचत नाही. पण या सगळ्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे तुमचा नंबर असणं मी वरचं मानतो. आजोबांच्या प्रसंगानंतर आमच्या रांगेत बोट हलवायची झाली तर आधी सांगायचं, असं ठरलंय. न सांगता हललेली दिसली की लगेच फोन जातो.

तुमच्यासाठी खरा धोक्याचा काळ असेल तो महिनाभर भारतात येण्याचा. कायमची जागा नसलेल्या बोटीला एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणजे काठावर बांधून विमानात बसणं नियमातही बसत नाही. सुट्टीपुरती मरीनात जागा घ्या, पैसे गेले तरी चालतील. तिथल्या कार्यालयात लेखी देऊन ठेवा की मी अमुक तारखेपर्यंत नाही आणि तोवर ही बोट कोणीही, माझं नाव सांगितलं तरी, बाहेर न्यायची नाही.