उरलेले पन्नास

प्रिय,

काल फोनवर तू वैतागलेलीच होतीस. हिंदू-मुस्लिम संबंधांचा पेपर घेतला खरा, पण सर कुणाची बाजूच घेत नाहीत, वर्गात रोज वादावादी, बदलून टाकू का? मी नुसतं हं हं केलं, कारण उत्तर लिहूनच द्यायचं होतं.

बदलू नकोस. एम. ए. ला असाच पेपर मीही घेतला होता आणि त्यात एकदा चांगलाच तोंडावर आपटलो होतो. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालावर बोलायचं होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगली, ९०० मृत्यू. फळ्यावर लिहिलं: मुसलमान ५७५, हिंदू २७५. आणि लगेच दोष कुणाचा, यावर घसरलो. मॅडम म्हणाल्या, "थांब. बेरीज कर." केली. ८५०. "उरलेले पन्नास?"

मी खडू हातात घेऊन उभा. अहवालात उत्तर होतं: ४५ जणांचा धर्म कळलाच नाही, ५ जण इतर धर्मांचे. ते पान मी दोनदा वाचलं होतं! माझ्या मांडणीत त्या पन्नास जणांना काम नव्हतं, म्हणून ते दिसलेच नाहीत. मुद्दाम लपवले असते तर एवढं लागलं नसतं.

मात्र यातून "दोन्हीकडचे सारखेच" असा अर्थ काढशील तर फसशील. पन्नास मोजले म्हणून ५७५ आणि २७५ सारखे होत नाहीत. तुझ्या सरांनी बाजू सांगितली नाही तर बिघडत नाही. ते तुला बेरीज करायला लावतात की नाही, एवढं बघ.

संत एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड वाचलंस का? (तुर्क म्हणजे इथं मुसलमान.) यादीत नसलं तरी वाच, आणि मोठ्यानं वाच. सोळाव्या शतकातल्या पैठणचा हा ब्राह्मण आपल्याच देवांच्या कथांची टिंगल तुर्काच्या तोंडून बिनदिक्कत करवून घेतो. हिंदूही उधार ठेवत नाही. शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. आता गंमत बघ: सलोख्यावर निबंध लिहिणारा फक्त मिठी उचलतो, वैरावर लिहिणारा फक्त टोमणे. मला विचारशील तर, इतकं तोंडावर बोलून झाल्यावरच ती मिठी शक्य झाली. पण हे माझं वाचन. तू तुझं कर.

टिळकांचंही तसंच. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली आणि पाठोपाठ सार्वजनिक गणेशोत्सवानं जोर धरला, हे सगळे लिहितात. १९१६ च्या लखनौ करारात मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना काँग्रेसनं मान्यता दिली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत तेच टिळक होते, हे लिहिताना बऱ्याच जणांची शाई संपते. मधल्या तेवीस वर्षांत काय बदललं, यावर तुझा निबंध होऊ शकेल.

आणखी एक. तू ओघात बोलून गेलीस, की तलाकचा विषय निघाला की सगळा वर्ग शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाकडे बघतो. तू बघू नकोस. तोही तुझ्यासारखाच फी भरून शिकायला आलाय, साक्ष द्यायला नाही. आमच्या वर्गात मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंवर चर्चा चालू होती, तोंडी तलाकविरुद्धचा १८ एप्रिल १९६६ चा सात मुस्लिम महिलांचा मोर्चा वगैरे. वर्गात एकच मुसलमान मुलगी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, माझीसुद्धा. कुणीतरी विचारलंच, "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?"

तिनं वहीतून डोकं न काढता सांगितलं, "माझा तो भाग वाचायचा राहिलाय."

निबंधाचा कच्चा खर्डा झाला की पाठव. लाल पेन तयार आहे.

तुझा,
काका