क्लोन टूलने जुन्या फोटोवरची घडी पुसली की तिथे खवले का दिसतात?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या कृष्णधवल फोटोत घडीची पांढरी रेघ गालावरून थेट पदरापर्यंत उतरलीय. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोन टूल (फोटोतला एक तुकडा उचलून दुसरीकडे डकवणारं हत्यार) फिरवलं की रेघ जाते, पण तिच्या जागी माशाच्या खवल्यांसारखं काहीतरी उमटतं. जुन्या फोटोंचं टचिंग हा माझा रोजचा धंदा आहे आणि सुरुवातीला माझेही असेच खवले यायचे.

खवले येतात कारण तुम्ही एकाच जागेचा तुकडा पुन्हा पुन्हा डकवताय. टूलच्या पर्यायांत 'अलाइनमेंट' बघा. तिथे बहुधा 'नन' असेल. मग माउसचं बटण सोडून पुन्हा दाबलं की टूल दरवेळी पहिल्याच ठिकाणापासून उचलायला लागतं. 'अलाइन्ड' केलंत की उचलायची जागा ब्रशसोबत तेवढंच अंतर राखून सरकते. फोटोशॉपमध्ये 'अलाइन्ड'वर सहसा आधीच टिक असते आणि सोर्स, म्हणजे उचलायची जागा, अल्ट दाबून घेतात. गिंपमध्ये कंट्रोल दाबून.

तेवढ्याने भागत नाही. सोर्ससुद्धा सारखा बदलत राहा. दोन-तीन फटकारे डावीकडून उचलून, पुढचे उजवीकडून. डोळा एक वेळ जोड माफ करतो, पण तोच ठिपका दोनदा दिसला की लगेच पकडतो. २००६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या एका छायाचित्रकाराने बैरुतवरच्या धुराचे लोट क्लोनने वाढवले होते. धुराची तीच वेटोळी पुन्हा पुन्हा दिसली म्हणून वाचकांनीच ते ओळखलं, आणि रॉयटर्सने त्याचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

माझी फजिती त्याहून घरगुती. एका म्हाताऱ्या बाईंच्या फोटोत हनुवटीजवळ तडा होता, तो मी शेजारची कातडी उचलून भरला. फोटो न्यायला आलेल्या त्यांच्या लेकीने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "दादा, आईच्या हनुवटीवर गोंदणाचा एकच ठिपका होता." मी दोन केले होते! तेव्हापासून काम सुरू करण्याआधी चेहऱ्यावरचे तीळ, गोंदण, देवीचे व्रण बघून ठेवतो.

आता तुमचा फोटो. गालासाठी क्लोन नको, 'हील' घ्या. ते पोत सोर्सचा उचलतं, पण उजेड आणि छटा आजूबाजूच्या जुळवून घेतं. फक्त जिथे गाल संपून काळे केस सुरू होतात तिथे हील थांबवा, नाहीतर केसांचा काळेपणा गालात ओघळतो. त्या कडेला क्लोनच, ब्रश अगदी बारीक, कड ना फार मऊ ना फार टणक. फार मऊ कडेने जुन्या फोटोचा रवा, म्हणजे बारीक कणीदारपणा, पुसला जातो आणि तेवढाच पट्टा मेण लावल्यासारखा गुळगुळीत दिसतो.

पदराचा काठ सगळ्यात वेळखाऊ. काठाची एक रेघ धरा, घडीच्या वर तिच्यावर नेमका सोर्स घ्या आणि घडीच्या खाली त्याच रेघेवर पहिला टिचका द्या. पहिला टिचका बसला की 'अलाइन्ड'मुळे बाकीची नक्षी आपोआप जुळते. काठ वळत असेल तर मात्र दर बोटभर अंतराने सोर्स नव्याने घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

घडी डोळ्यावरून गेली नाही हे तुमचं नशीब. तशी असती तर लोक दुसरा डोळा उलटा करून डकवतात आणि बुबुळातली उजेडाची चमक भलत्याच बाजूला जाते.

आणि हो, मूळ स्कॅनला हात लावू नका, लेअर (फोटोचा थर) डुप्लिकेट करून त्या प्रतीवरच काम करा. घाई करू नका, असल्या एका घडीला मला अजूनही दीड-दोन तास लागतात.