उरलेल्या नऊ गोळ्या

ती आली, खुर्चीच्या कडेला टेकली आणि मी काही विचारायच्या आत पर्समधून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक घरखर्चाची वही, दुसरी गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी. पट्टी कात्रीने कापलेली. मधूनमधून एकेक चौकोन गायब, कडा वेड्यावाकड्या. शिल्लक गोळ्या नऊ.

"मॅडम, सगळ्यात स्वस्त काय पडतं तेवढं सांगा. दुसरं काही नको."

कुटुंबनियोजनाचा सल्ला देण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न मला नवा नाही. बायका तो बहुतेक वेळा आडून विचारतात. "गोळ्या बंद केल्या तर चालेल का?" किंवा "अंगाला सोसत नाहीत." थोडं खोदलं की खाली पैसाच निघतो. हिने आडपडदा ठेवला नाही, म्हणून ती लक्षात राहिली. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

वय एकोणतीस. मूल चौदा महिन्यांचं. ती घरी बसून शिवणकाम करते, नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. दुसरं मूल हवंय, पण तीनेक वर्षांनी. बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू केल्या होत्या, चारपाच महिने नीट चालल्या. मग एका महिन्यात बाळाचा ताप आणि पाकीट संपणं एकदम आलं. पैसे तापाला गेले. पुढचं पाकीट आणलं तेव्हा तिने ठरवलं की आता जपून वापरायचं.

"जपून म्हणजे?"

"म्हणजे ज्या दिवशी गरज, त्या दिवशी एक. रोज कशाला वाया घालवायच्या?"

म्हणून ती कात्री. गोळी कापून बाजूला ठेवायची, रात्री लागली तर घ्यायची.

तिला हसू नका. घरात साखर, तेल, साबण सगळं असंच पुरवून पुरवून वापरणाऱ्या बाईला गोळीही तशीच वापरावीशी वाटली, यात तिची चूक थोडी आणि पाकीट हातात देताना तिला कोणी दोन मिनिटं दिली नाहीत त्यांची जास्त. मी तिला सांगितलं, ही गोळी त्या रात्रीपुरतं काम करत नाही. रोज ठरलेल्या वेळी घेतली की शरीरातली हार्मोनची पातळी टिकते आणि बीजकोशातून बीज बाहेर पडणं थांबतं. सलग दिवस मोडले की ते पुन्हा सुरू होऊ शकतं. दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर पुढे सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरावा लागतो. म्हणजे तिने "वाचवलेली" प्रत्येक गोळी घेतलेल्या गोळीचाही उपयोग घालवत होती. त्यात तिच्या २८ च्या पाकिटातल्या २१ गोळ्यांतच हार्मोन होतं. वेगळ्या रंगाच्या ७ गोळ्या फक्त रोजची सवय मोडू नये म्हणून असतात. कापलेल्या चौकोनांत त्यातलेही दोन गेले होते.

ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दोन रात्री काहीच नव्हतं."

आधी गर्भ राहिला आहे का, याची लघवीची तपासणी करून घेतली. राहिलेला नव्हता. पण अगदी अलीकडच्या संबंधातून राहिलेला गर्भ त्या तपासणीत दिसत नाही, म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा करायची आणि तोवर प्रत्येक वेळी कंडोम, एवढं पक्कं केलं. निवडीचं बोलणं त्यानंतर.

मग वही उघडली. आखीव रकाने, पेन्सिलीने भरलेले. भाडं, दूध, वीज, बाळाचं औषध. गोळ्या कुठे दिसेनात. विचारलं तर तिने बोट "किरकोळ" वर ठेवलं. नवऱ्याला वही दाखवावी लागली तर प्रश्न नकोत, म्हणून. त्या "किरकोळ" मध्ये दोन महिन्यांत तीन तातडीच्या गोळ्याही होत्या. गर्भ राहण्याच्या धास्तीने आणलेल्या. त्या तिन्हींचे पैसे मिळून तिच्या नेहमीच्या पाच पाकिटांएवढे झाले होते. जपून वापरण्याची किंमत ही.

तातडीच्या गोळीबद्दल इथे सांगून टाकते, कारण गोंधळ फार आहे. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. पुन्हा घ्यावी लागली तर काही विष नाही, पाळीचं वेळापत्रक मात्र बिघडतं. पण नेहमीचा उपाय म्हणून ती महागही पडते आणि भरवशालाही कमी. अडीअडचणीला आहे, तिथेच तिला राहू द्यावं.

आता हिशेब. किमती मी इथे लिहीत नाही. त्या जागेगणिक बदलतात, आणि आज लिहिलेली उद्या खोटी ठरते. रीत मात्र सगळीकडे एकच. आम्ही पाकीट हेच माप धरलं. तिने वर्षाची बारा पाकिटं धरली होती. मी म्हटलं, पाकीट २८ दिवसांचं, महिना नव्हे. वर्षाला तेरा लागतात. तीन वर्षांना एकोणचाळीस. तिने ३९ हा आकडा वहीच्या मागच्या पानावर काढला आणि त्याभोवती गोल केला.

तिमाही इंजेक्शन वर्षाला चार वेळा. सुईची किंमत कमी वाटते, पण प्रत्येक खेपेला जाण्यायेण्याचा खर्च, रांगेत गेलेला अर्धा दिवस, त्या दिवसाचं बुडालेलं शिवण. शिवाय इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो, शेवटच्या सुईपासून सरासरी दहाएक महिने. ज्यांना घाई नाही त्यांना चालतं. हिने बोटांवर मोजलं आणि मान हलवली. कंडोमचं खर्चाचं गणित सोपं आणि लैंगिक आजारांपासून बचाव करणारं साधन तेवढंच. पण रोजच्या वापरात शंभर जोडप्यांत वर्षभरात साधारण तेरा जणींना दिवस राहतात. गोळ्या विसरण्यासकट धरल्या तर सात. पुरुषाने वेळीच बाजूला होण्यावर भिस्त ठेवली तर वीसच्या घरात. हा उपाय फुकटचा म्हणून फार जोडपी धरून बसतात. न ठरवता आलेल्या बाळंतपणाचा किंवा गर्भपाताचा खर्च त्या फुकटाच्या बाजूला कोणी मांडत नाही.

आणि तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं साधन. कॉपर टी ३८० ए एकदा बसवली की दहा वर्षं चालते. शंभरात वर्षाला एकीलाही क्वचितच दिवस राहतात, आणि काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. तीनच वर्षं ठेवली तरी एकोणचाळीस पाकिटांसमोर एक तांबी. माझ्या डोक्यात हिशेब मिटला होता. मी तो भराभर मांडला, आकड्याखाली रेघ मारली आणि तिच्याकडे बघितलं.

ती गप्प.

"पाकिटाला थोडे थोडे जातात," ती शेवटी म्हणाली. "हे सगळे एकदम द्यायचे. एकदम कुठून आणू? आणि चार महिन्यांत काढायची वेळ आली तर? काढायचे परत वेगळे?"

इतकी वर्षं हे काम करूनही माझी ही चूक होते. दहा वर्षांचा हिशेब करायला आधी या आठवड्याचे पैसे हातात लागतात. जिच्या हातात ते नाहीत तिला महागडा हप्ताच परवडतो, आणि ती तो अडाणीपणाने निवडत नसते. शिवाय तिची शंका खरी होती. शंभरातल्या दोन ते दहा जणींची तांबी पहिल्या वर्षात आपणहून बाहेर येते. काहींना पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि पोटदुखी इतकी वाढते की काढून टाकावीशी वाटते. लवकर काढली की "स्वस्त" तांबी महिन्याच्या हिशेबाने सगळ्यात महाग.

मग मी रेघ खोडली आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी तिच्या बाजूने. पाळी किती दिवस, गाठी पडतात का, कपडे खराब होतात का? पाळी पाच दिवसांची, फार जड नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन किंचित कमी. डॉक्टरांनी तांबीला हरकत घेतली नाही, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. हिचा स्राव मुळातच जास्त असता तर मी हार्मोनच्या तांबीचं नाव काढलं असतं. त्या तांबीने पाळी कमी होते, पण सुरुवातीचा खर्च मोठा.

पैशांसाठी दोन वाटा सांगितल्या. पहिली, सार्वजनिक दवाखान्यात चौकशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गोळ्या, कंडोम, इंजेक्शन, तांबी हे सगळं आहे, आणि बऱ्याच देशांत सार्वजनिक आरोग्यसेवा ही साधनं फुकट किंवा नाममात्र पैशांत देते. विचारताना फक्त "तांबीचे किती?" असं विचारू नये. बसवण्याचे, तीन ते सहा आठवड्यांनी तपासायला यावं लागेल त्याचे, आणि काढण्याचे, असे तिन्ही आकडे एकत्र विचारावेत. काढण्याचा खर्च विचारायचं जवळजवळ सगळ्याच विसरतात. हिने आपणहून विचारला होता, तेव्हाच मी ओळखलं की ही हिशेबाला पक्की आहे. दुसरी वाट, तोवर गोळ्याच घ्यायच्या तर डॉक्टरांकडून त्याच घटकांच्या, त्याच मात्रेच्या साध्या नावाच्या गोळ्या लिहून घ्यायच्या. डबीवरचं नाव भारी असलं म्हणून आतलं औषध बदलत नाही. आणि जमेल तेव्हा एकदम जास्त पाकिटं न्यायची, म्हणजे बाळाच्या तापाच्या महिन्यात खंड पडत नाही.

पुढच्या भेटीला नवराही आला. तिनेच आणला, वहीसकट. तो "किरकोळ" वाचत राहिला. "एवढं जातं हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. मी काही बोलले नाही. हे वाक्य मी इतक्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. म्हणून राग येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. त्याने विचारलं, पुरुषांसाठी काही नाही का? आहे. कंडोम, आणि मुलं पुरे झाली असतील तर नसबंदी. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा छोटी, कमी जोखमीची आणि सहसा कमी खर्चाची. तिच्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची. तरी शस्त्रक्रियेच्या टेबलावर बहुतेक वेळा बायकोच. यांना अजून एक मूल हवं होतं, म्हणून तो विषय तिथेच थांबला. कंडोम आणण्याचं काम मात्र त्याने स्वतःकडे घेतलं.

तीन आठवड्यांनंतरच्या तपासणीतही काही नव्हतं. पाळीच्या तिसऱ्या दिवशी तिने सार्वजनिक दवाखान्यात तांबी बसवून घेतली.

पहिले दोन महिने वाईट गेले. पाळी सात दिवसांवर गेली, ती दोनदा माझ्याकडे येऊन बसली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिली, तांबीचा दोरा जागेवर आहे ना ते पाहिलं. चौथ्या महिन्यात आली तेव्हा जरा सावरलेली होती. वहीत नवा रकाना होता, त्यात जास्तीचे पॅड, लोहाच्या गोळ्या, दवाखान्याच्या खेपा, सगळं मांडलेलं. "हे धरूनसुद्धा सहाव्या महिन्यात पाकिटांच्या खाली येईन," म्हणाली.

उठता उठता तिने पर्समधून पुन्हा ती पट्टी काढली. नऊच्या नऊ गोळ्या तशाच.

"या जावेला देऊ का? तिचाही तोच प्रश्न आहे."

जावेला काही त्रास आहे का, मी विचारलं. डोकं फार दुखतं, आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकडंतिकडं चमकतं, असं ती सांगते, म्हणाली. मी हात पुढे करून पट्टी मागून घेतली. असं डोकं दुखणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली अशी गोळी घ्यायची नसते, पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्तदाब जास्त असलेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या, पस्तिशी ओलांडून धूम्रपान करणाऱ्या बाईनेही नाही. जाऊबाईंना इथे पाठवा, रक्तदाब बघू, त्यांचं पान वेगळं काढू.

तिने मान डोलावली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पण मग या नऊ?"

"जाऊ द्या."

"पैसे दिलेत हो," ती म्हणाली.